रोग्याच्या अंथरुणाशी बसलेला व्यापार



गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या राहत्या जागेच्या दाव्याचे कागद घेऊन माझ्याकडे आले. नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून तीस वर्षे राबून ते नुकतेच निवृत्त झाले होते. घरपट्टीच्या पावत्या, मोजणीचा नकाशा, वडिलांच्या नावाचा जुना उतारा अशा गठ्ठ्यात त्यांच्या पत्नीच्या औषधांची दोन बिले चुकून आली होती. कागद दिसला की वाचावयाचा, ही आमच्या धंद्याची खोड. मी तीही वाचली. एक बिल एका खाजगी रुग्णालयाच्या आवारातील दुकानाचे, दुसरे एस. टी. स्थानकासमोरच्या दुकानाचे. दोहोंवर मधुमेहाची एकच गोळी होती. तेच दोन घटक, तेच प्रमाण, तितक्याच गोळ्या. निराळे होते ते केवळ पाकिटावरचे नाव. आणि पहिल्या बिलाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट!

मी ते दाखविताच त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, मग फिर्याद कुणावर करायची?"

मला उत्तर द्यावे लागले की, कुणावरही नाही. दोन्ही दुकानदारांनी छापील किमतीपेक्षा एक पैसाही अधिक घेतला नव्हता. चौपट घेणाऱ्यानेही कायदा पाळलाच होता. ते काही बोलले नाहीत. बिलांची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि पुन्हा जागेच्या दाव्याकडे वळले. वीस वर्षांच्या वकिलीत इतके ओशाळवाणे उत्तर मी क्वचितच दिले असेल. ज्या कायद्याच्या पोटात ही चौपट बिनबोभाट पचते, तो कायदा कसा घडला आणि त्याविरुद्ध आपण काय मागावयाचे, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

बाजारात वांगी घेणारी आपली आई चार ठिकाणी भाव विचारते, एखादे वांगे दाबून पाहते आणि न पटल्यास पुढे जाते. औषधाच्या बाजारात ही मुभा कुणाला आहे काय? तेथे निवडणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार आणि पैसे मोजणारा रोगी. ज्याला पैसे मोजावयाचे नाहीत तो निवडतो आणि ज्याला मोजावयाचे आहेत त्याने तोंड उघडावयाचे नाही. त्यात १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम असा की, चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध, त्यात तोच घटक असला तरीही, विक्रेत्याने परस्पर देऊ नये. नियम रोग्याच्या सुरक्षिततेसाठी झाला, हे मी मान्य करतो. पण डॉक्टरने औषधाचे मूळ नाव न लिहिता कंपनीचे नाव लिहिले की हाच नियम त्या कंपनीचा पहारेकरी बनतो.

डॉक्टरने मूळ नाव लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. २०१६ साली त्यात दुरुस्ती होऊन ते सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असेही सांगण्यात आले. आपल्यापैकी कितीजणांच्या चिठ्ठीवर तसे लिहिलेले असते, ते आज घरी पाहा. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा नियम अधिक कडक केला, न पाळल्यास कारवाईची तरतूद केली आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला तो सबंध नियमसंच स्थगित करून टाकला! एकवीस दिवसांत आयोगाचा धीर सुटला. दलित वस्तीत पाण्याचा नळ बसविण्याचा ठराव अंमलात यावयास एकवीस वर्षे लागतात. धनिकांच्या हिताला धक्का लागला म्हणजे सरकारी यंत्रणेच्या अंगी केवढी चपळाई संचारते ते पाहा.

आणि कंपनीचेच नाव का लिहिले जाते? याचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. एका औषध कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च आयकरातून वजा मागितला होता. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. अशा भेटी घेणे डॉक्टरला निषिद्ध असल्याने त्या देण्याचा खर्चही वैध धंद्याचा खर्च नव्हे, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि हा खर्च अखेरीस औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो हेही नमूद केले. म्हणजे डॉक्टरला मिळालेल्या भेटीचे पैसे रोग्यानेच भरले होते. वर त्याबद्दल कंपनीला करात सूट हवी होती. सर्वच डॉक्टर असे नाहीत. स्वस्त औषध लिहून देणारे आणि गरिबाकडून तपासणीचे पैसेही न घेणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. पण सज्जनांच्या सद्बुद्धीवर कायदा सोडावयाचा नसतो.

नावावरून मोल ठरविण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. आत काय आहे ते न पाहता वरच्या नावावरून एकास उच्च आणि दुसऱ्यास हीन ठरविणाऱ्या व्यवस्थेत आपल्या पूर्वजांनी शतके काढली. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर निघालेल्या गोळ्यांवर पाच कंपन्यांची पाच नावे छापली जातात आणि पाच भाव लागतात. औषधाच्या धंद्यात ही रोजचीच गोष्ट आहे.

आता कायद्याकडे वळू. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो आपण नीट वाचावा, कारण आपला खिसा येथेच कापला गेला आहे.

१९११ च्या पेटंट कायद्याखाली औषधांचा बाजार परदेशी कंपन्यांच्या हाती होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी केली. जगात सर्वाधिक महाग औषधे ज्या देशांत मिळतात त्यांत भारताची गणना त्या समितीने केली. देश दरिद्री आणि औषध मात्र श्रीमंतांहून महाग! तेव्हा कोठे १९७० चा पेटंट कायदा झाला. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाही, फक्त तो तयार करण्याच्या पद्धतीवर, असे त्याने ठरविले आणि देशी कारखाने उभे राहिले. त्याच साली किंमत नियंत्रणाचा आदेशही आला. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस केली. अर्धशतक उलटले. ती शिफारस अजून कागदावरच आहे.

पुढचा प्रवास उताराचा आहे. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधद्रव्यांवर नियंत्रण होते, १९८७ साली १४२ उरली आणि १९९५ साली ७४. तरीही १९९५ च्या आदेशात एक गोष्ट न्यायाची होती. कारखान्यातील खर्च किती हे पाहून त्यावर फार तर शंभर टक्के चढवून किंमत ठरे. २०१३ च्या आदेशाने हा पायाच उखडून टाकला. आता खर्च कोणी विचारीत नाही. बाजारात एक टक्का वा अधिक हिस्सा असलेल्या सर्व नाममुद्रांचे किरकोळ विक्रेत्याला पडणारे भाव घ्यावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची, तीवर विक्रेत्याचे सोळा टक्के चढवावयाचे. झाली कमाल किंमत! चार सावकारांच्या व्याजाची सरासरी काढून त्यालाच न्याय्य व्याज म्हणण्यासारखा हा हिशेब आहे.

बरे, हेही नियंत्रण कोणाला? राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत असलेल्या औषधांनाच. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. यादीतील औषधही ठराविक स्वरूपात आणि ठराविक प्रमाणातच यादीत असते. मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही आहे. पण दोहोंचे मिश्रण एका गोळीत केले की यादीतील कमाल किंमत त्या गोळीला लागत नाही. अशा काही नव्या मिश्रणांना किंमत प्राधिकरण दर नेमून देते, पण त्याचाही पाया बाजारभावच. आमच्या त्या गृहस्थांच्या पत्नीची गोळी हीच होती. आणि यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत बहुतांशी कंपनीने स्वतः ठरवावयाची. सरकार फक्त एवढेच पाहते की, बारा महिन्यांत ती दहा टक्क्यांहून अधिक वाढू नये. दरसाल दहा टक्के म्हणजे सात-आठ वर्षांत दुप्पट. आपल्यापैकी कोणाची मजुरी या वेगाने वाढते?

छापील किंमत म्हणजे काय, हेही येथेच समजून घ्या. ती औषधाची किंमत नव्हे, तिच्यापुढे जाऊ नये अशी मर्यादा आहे. पण ती मर्यादा घालणाराच जर विकणारा असेल, तर ती त्याने कितीही दूर नेऊन ठेवावी! किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली. औषधे आणि उपचाराचे साहित्य यांवरील नफा काही बाबतींत १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. आणि पुष्कळ ठिकाणी छापील किमतीचे उल्लंघन झालेच नव्हते, कारण घाऊक खरेदी करणाऱ्या रुग्णालयांच्या सोयीने ती किंमतच फुगवून छापलेली होती. स्वस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक औषधांवरही हीच युक्ती चालते. पाकिटावर मोठा आकडा छापावयाचा, दुकानदाराला ते कवडीमोलाने द्यावयाचे, आणि त्याने त्यातून वीस टक्के 'सवलत' देऊन गरीब गिऱ्हाइकाचे आशीर्वाद घ्यावयाचे. लुटणाऱ्याचे आभार मानून घरी जाण्याची ही पाळी अज्ञानामुळे येते.

रुग्णालये आपल्याच आवारातील दुकानातून औषध घेण्यास रोग्याला भाग पाडतात, या तक्रारीवर ४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्यायालयाने स्वतः सक्तीचे आदेश देण्याचे टाळले आणि धोरण ठरविण्याचे काम राज्य सरकारांवर सोपविले. न्यायालयाचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा नातेवाईक मध्यरात्री राज्य सरकारच्या धोरणाची वाट पाहू शकत नाही.

सरकारला हे आवरता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याची स्टेंट नावाची नळी कायद्याच्या दृष्टीने औषधच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच २०१३ च्या आदेशातील जनहिताचे विशेष कलम वापरून प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी तिची सरासरी छापील किंमत १,२१,४०० रुपये होती. २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांचा व्यापारी नफा तीस टक्क्यांवर बांधताच काही नाममुद्रांच्या किमती नव्वद टक्क्यांपर्यंत उतरल्या. जे ४२ औषधांना साधले ते मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, क्षयाच्या, फेफऱ्याच्या प्रत्येक औषधाला का साधू नये? आपली पहिली मागणी हीच असली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला, काही औषधांवरचा पूर्ण काढला. ठीक आहे. पण चौपटीच्या रोगावर सात टक्क्यांचा हा लेप आहे.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, नवे औषध शोधावयास खर्च येतो, तो भरून निघाला पाहिजे. निघावा; पण किती? यकृत आणि मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध पेटंटधारक कंपनी महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये सक्तीचा परवाना मिळालेली देशी कंपनी तेच सुमारे ८,८०० रुपयांना देऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो परवाना उचलून धरला. पण पेटंट कायद्यात अशी तरतूद असूनही आजवर असा परवाना दिला गेला तो हा एकच. दाद मागणारा उभा राहिला की काय होते, याचेही उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. क्षयाच्या औषधांपायी ऐकण्याची शक्ती गमावलेल्या नंदिता व्यंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ देण्यास हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. क्षयाने गिरणगावच्या चाळींत आपली किती माणसे नेली, हे वडीलधाऱ्यांना विचारा. म्हणजे या दोन स्त्रियांनी काय केले ते समजेल.

दुसरा आक्षेप असा की, स्वस्त औषध निकृष्ट असते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. पण २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची वीसहून अधिक बालके ज्या खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतील कित्येक आपल्या नागपुरात उपचार चालू असता गेली, त्याला तर 'कोल्ड्रिफ' असे झोकदार व्यापारी नाव होते. नाव विषाला अडवीत नाही. अडवितो तो निरीक्षक, जर तो नेमलेला असेल आणि त्याने नमुना तपासला असेल तर. निरीक्षक नेमणे हे सरकारचे काम. ते न केल्याचा दंड रोग्याने चौपट किमतीच्या रूपाने का भरावा?

आणि खरे पाहता, गरीब रोग्याने दुकानाची पायरी चढावीच का? सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. बाबासाहेबांनाही ठाऊक होते. आणि म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की, सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांकडे पाठ फिरविता येणार नाही, कारण निवडणुकीच्या वेळी त्याला मतदारांपुढे त्यांचा जाब द्यावा लागेल. आपण तो जाब कधी विचारला? तामिळनाडूने १९९४ साली महामंडळ काढून सरकारी रुग्णालयांसाठी औषधांची एकत्र खरेदी सुरू केली आणि प्रत्येक खेप प्रयोगशाळेतून तपासून घेण्याची पद्धत घातली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना चालविली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर केले. औषध खरेदीसाठी त्याच साली प्राधिकरणाचा कायदाही केला. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर पुढे वाद झडले. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा अपुरा पडून केंद्र सरकारनेच राज्यांना तीन महिन्यांपुरती ती स्थानिक पातळीवर खरेदी करावयास सांगितले. मोफत म्हणावयाचे आणि फळीवर औषध नसावे, याचा अर्थ रोग्याला पुन्हा त्या चौपटीच्या दुकानाकडे हाकलून देणे होय.

आता थोडे आपल्याविषयी. मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. कागदावर! २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला कोणी हात लावला नव्हता. औषधांच्या बाबतीत आपण आज १९२४ सालीच उभे आहोत. किंमत-आदेशाप्रमाणे विक्रेत्याने दरपत्रक गिऱ्हाइकाला दिसेल असे ठेवले पाहिजे. ते आपण मागत नाही. सुट्या गोळ्यांना पाकिटाच्या प्रमाणाबाहेर भाव लावता येत नाही आणि दुकानात असलेले औषध नाकारता येत नाही. हे आपणांस ठाऊक नाही. बिल तर आपण घेतच नाही, आणि बिल नसलेला ग्राहक ग्राहक आयोगापुढे हात हलवीत उभा राहतो. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर प्राधिकरणाचे 'फार्मा सही दाम' उघडून पाहिले तर यादीतील औषधाची कमाल किंमत दोन मिनिटांत कळते. डॉक्टरला "औषधाचे मूळ नाव लिहून द्या" असे म्हणावयास आपली जीभ अडखळते. पूर्वी भगताच्या अंगाऱ्यापुढे मान तुकवीत होतो ती सोडली. मग चिठ्ठीपुढे तीच मान का तुकवावी? डॉक्टरचे ऐकावे, औषध वेळेवर घ्यावे, मनाने बदलू नये. पण भाव विचारणे हा वैद्यकाचा अपमान नव्हे.

जनऔषधी केंद्रे २००८ पासून निघाली, आज देशात दहा हजारांहून अधिक आहेत, आणि तेथे फरक खरोखरच मोठा आहे. माझ्या त्या पक्षकारांना मी तेथेच पाठविले होते. पहिल्या महिन्यात गोळी मिळाली, दुसऱ्या महिन्यात "संपली आहे" असे उत्तर मिळाले, तिसऱ्यात पुन्हा मिळाली. मधल्या महिन्याची गोळी त्यांनी स्थानकासमोरून घेतली. या वेळी बिल मागून घेतले, आणि ते जागेच्या कागदांत न मिसळता वेगळ्या पिशवीत घालून मला आणून दाखविले.

त्या बिलांवरून आम्ही दोघांनी बसून एक अर्ज लिहिला. माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारले आहे की, आमच्या ग्रामीण रुग्णालयात मागील बारा महिन्यांत मधुमेहाची आणि रक्तदाबाची कोणकोणती औषधे आली, प्रत्येक औषध किती दिवस शिल्लक नव्हते, आणि त्या दिवसांत आलेल्या रोग्यांना बाहेरून आणावयास सांगितले गेले काय. दहा रुपये फी, एका पानाचा मजकूर. अर्जावर सही त्यांची आहे. तीस दिवसांच्या मुदतीपैकी आज अकरावा दिवस. मुदत संपताच उत्तर, किंवा उत्तर न आल्याची नोंद, आपणांपुढे ठेवीन. तोवर ज्या ज्या तालुक्यातील बंधुभगिनींना आपल्या रुग्णालयाविषयी हेच प्रश्न विचारावयाचे असतील, त्यांनी अर्जाची नक्कल या कार्यालयातून मागवून घ्यावी.